लिनक्स टाकलं आणि आवाज गेला

"काका, बाकी सगळं झकास चाललंय, आवाज तेवढा गेलाय." हे वाक्य सध्या माझ्या दुकानात रोजचं झालंय. कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचाच लागतो. ही पिढी बाजारात आली २०१७ साली. त्याच्या आधी घेतलेले लॅपटॉप, कीबोर्ड शाबूत, स्क्रीन स्वच्छ, बिजागऱ्या घट्ट, एका तारखेपासून निवृत्त झाले. मग कुणी भाच्याला गाठून, कुणी स्वतःच धाडस करून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकतो. वायफाय लागतं, टचपॅड चालतो, चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेणारं मशीन झटकन उघडतं. आणि गाणं लावलं की शुकशुकाट.

मी कराडात धंद्याला सुरुवात केली ती रेडिओ दुरुस्तीपासून. नंतर टेप आले, टीव्ही आले, मग कॉम्प्युटर. रेडिओ मुका झाला की आमचे वस्ताद एकेक पार्ट बदलत बसायचे नाहीत. ट्रान्झिस्टरचा आवाज पूर्ण चढवायचा, स्क्रूड्रायव्हरच्या लोखंडी दांडीवर बोट ठेवायचं आणि टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पिनेला टेकवायचं. स्पीकरमधून घूं असा आवाज आला, तर तिथून पुढचं सगळं ठीक, बिघाड मागे. काहीच आलं नाही तर बिघाड पुढे. एका स्पर्शात अर्धा रेडिओ निकालात निघायचा. हे बॅटरीच्या सेटवर हं, विजेवर चालणाऱ्या सेटमध्ये बोट घालायला जाऊ नका. मुक्या लॅपटॉपवरही मी हेच करतो. आधी अर्धा निकालात काढायचा, मग उरलेल्याचा अर्धा.

पहिली विभागणी इअरफोनची. वायरचा साधा इअरफोन लावायचा आणि काहीतरी वाजवायचं. इअरफोनमध्ये आवाज आला तर जीव भांड्यात पडू द्या. लिनक्सला तुमची चिप ओळखता आली आहे, ड्रायव्हर बसला आहे, आवाज थेट बाहेरच्या भोकापर्यंत पोचतो आहे. राहिला प्रश्न फक्त स्पीकरचा. अशा वेळी मी सेटिंग उघडण्याआधी टॉर्च लावून ते भोक बघतो. जुन्या रेडिओत इअरफोनची पिन आत गेली की एक पत्ती ढकलली जायची आणि स्पीकरची तार सरळ तुटायची. आताच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती पत्ती तार तोडत नाही, फक्त चिपला वर्दी देते की पिन आली. स्पीकर बंद करायचा तो सॉफ्टवेअरने. ही पत्ती गंजली, किंवा आत दोऱ्याचा गोळा अडकला, की ती वर्दी देतच राहते. इअरफोन कपाटात आणि लॅपटॉप ठामपणे म्हणतो, हेडफोन लागलेला आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुटच्या जागी काहीही न लावता 'हेडफोन्स' दिसत असेल तर समजा पत्तीच अडकली आहे. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, मशीन बंद करून मऊ ब्रश फिरवा. निम्मे लॅपटॉप एवढ्यावर बोलायला लागतात. नाही लागले तर 'ऑटो-म्यूट मोड' नावाची सोय आहे, ती बंद केली की चिप पत्तीचं ऐकणं सोडते. ती सापडते कुठे, ते पुढे येईलच.

दुसरी विभागणी पेनड्राइव्हची. लिनक्सची एक खुबी लोक विसरतात: ज्या पेनड्राइव्हवरून ते टाकलं, त्याच पेनड्राइव्हवरून काहीही न टाकता ते चालवूनही बघता येतं. त्याला लाइव्ह म्हणतात. टाकलेल्या लिनक्समध्ये आवाज नाही आणि लाइव्हमध्ये आहे, तर हार्डवेअर आणि ड्रायव्हर दोन्ही निर्दोष; टाकल्यानंतर तुम्ही किंवा एखाद्या अपडेटने काहीतरी हलवलं आहे. लाइव्हमध्येही नाही, तर प्रश्न खालच्या पायरीवरचा. खरं तर ही चाचणी टाकण्याच्या आधीच करायची असते. विंडोज पुसण्यापूर्वी दहा मिनिटं लाइव्हवर गाणं, माइक, वायफाय तपासलं की पुढची सगळी हळहळ वाचते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते केलेलं असतं.

आता सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, ज्यात बिघाड काहीच नसतो. लॅपटॉपला आवाजाची वाट एकच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात निदान दोन असतात. एक स्पीकर-इअरफोनची, दुसरी एचडीएमआयची, कारण ती केबल टीव्हीला लावली की चित्रासोबत आवाजही जातो. इंटेलच्या चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या, हॅसवेल आणि ब्रॉडवेल या नावांच्या प्रोसेसरांत या दोन वाटा लिनक्सला दोन वेगवेगळी साउंड कार्डं म्हणून दिसतात. आणि नंबर वाटताना बऱ्याचदा एचडीएमआयला शून्य मिळतो, स्पीकरवाल्या कार्डाला एक. कॉम्प्युटरवाले शून्यापासून मोजतात, म्हणजे पहिला मान एचडीएमआयचा. त्यामुळे कधी कधी असं होतं की गाणं चालू आहे, आवाजाची पट्टी वर-खाली होते आहे, सगळं नीट दिसतं आहे, आणि आवाज निघाला आहे अशा टीव्हीकडे जो घरात लावलेलाच नाही. २०१३ ते २०१५च्या सुमारास घेतलेला लॅपटॉप असेल तर पहिला संशय यावर घ्यावा. मिंटमध्ये साउंड सेटिंग उघडा, आउटपुटच्या यादीत एचडीएमआयऐवजी 'बिल्ट-इन ऑडिओ ॲनलॉग स्टिरिओ' निवडा. झालं काम. दर वेळी चालू केल्यावर पुन्हा एचडीएमआयवर उडी मारत असेल, तर ड्रायव्हरला कार्डांचा क्रम कायमचा सांगून ठेवणारी एक ओळ असते, ती एका फाइलीत लिहावी लागते. ते काम जाणत्याकडून करून घेतलेलं बरं.

यादीत ॲनलॉग दिसतच नसेल तर 'पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाचा छोटा प्रोग्राम टाकून घ्या. दिसायला साधा, पण मी कुठल्याही लॅपटॉपवर आधी हाच टाकतो. त्याच्या शेवटच्या पानावर प्रत्येक कार्डापुढे प्रोफाइल असतं. तिथे 'ऑफ' निवडलेलं असलं तर कार्ड हजर असून गैरहजर. 'ॲनलॉग स्टिरिओ डुप्लेक्स' करा. डुप्लेक्स म्हणजे स्पीकर आणि माइक दोन्ही.

एका भजनी मंडळाच्या बुवांचा लॅपटॉप आला होता. मंडळाची सगळी रेकॉर्डिंग त्यात. आउटपुट बरोबर, प्रोफाइल बरोबर, पट्टी शंभरावर, इअरफोनमध्ये आवाज खणखणीत, पत्तीही साफ. स्पीकर मात्र मौनात. अशा वेळी काळी खिडकी उघडावी लागते, जिला टर्मिनल म्हणतात आणि जिला लोक उगाच घाबरतात. तिच्यात इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता 'आल्सामिक्सर' लिहून एंटर मारला की पडद्यावर उभे खांब येतात. सुरुवातीला बहुधा एकच खांब दिसतो, 'मास्टर'चा. तो वरवरचा. एफ-६ दाबायचं, यादीतून खरं कार्ड निवडायचं. बहुतेक इंटेलच्या लॅपटॉपवर त्याच्या नावात 'पीसीएच' असतं. मग खरा दरबार भरतो: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम, माइक बूस्ट, आणि उजवीकडे सरकत गेलं की तो मघाशी सांगितलेला ऑटो-म्यूट मोड. खांब खालून हिरवा, मध्ये पांढरा, वर लाल. प्रत्येक खांबाच्या पायाशी एक चौकोन. त्यात दोन ओ दिसले तर वाट उघडी, दोन एम दिसले तर म्यूट. बुवांच्या लॅपटॉपवर स्पीकरच्या खाली दोन एम. बाणाने तिथे गेलो, कीबोर्डवरचा एम दाबला, वरच्या बाणाने खांब चढवला आणि विठ्ठल-विठ्ठल सुरू. बुवा म्हणाले, "एवढंच होतं?" एवढंच होतं, पण ते मास्टरच्या मागे दडलेलं होतं.

असं का व्हावं? आल्सा ही लिनक्समधली आवाजाची मूळ यंत्रणा. तिचा रिवाज असा की नवं कार्ड पुढे आलं की त्याच्या वाटा बंदच धरायच्या, म्हणजे कुणाच्या कानठळ्या बसू नयेत. मग वरचं सॉफ्टवेअर एकेक वाट उघडतं. हे बहुतेक वेळा बिनबोभाट होतं. पण प्रत्येक कंपनीच्या कार्डात खांबांची नावं आणि संख्या वेगळी, त्यामुळे एखादा खांब राहून जातो. उघडलेलं पुढच्या खेपेला टिकावं म्हणून 'आल्सासीटीएल स्टोअर' असा एक हुकूम आहे. मिंट, उबंटू अशा लिनक्सच्या प्रकारांत नीट बंद केल्यावर ते आपोआपही साठवलं जातं. बटण दाबून धरून मशीन मारणाऱ्यांचं साठवलं जात नाही.

इथे थोडा इतिहास सांगतो. त्याशिवाय नेटवर मिळणाऱ्या सल्ल्यांपैकी कोणता ताजा आणि कोणता शिळा, हे ओळखता येत नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सची सुरुवात १९९१ साली केली. आवाजाची पहिली व्यवस्था त्यांच्याप्रमाणेच फिनलंडच्या हान्नू सावोलाइनेन यांची, ओएसएस नावाची. तिच्यात साधारणपणे एका वेळी एकच प्रोग्राम कार्ड धरून बसायचा. गाणं चालू असेल तर दुसऱ्याने गप्प बसायचं. १९९८च्या सुमारास झेक प्रोग्रामर जारोस्लाव किसेला यांनी आल्साचं काम सुरू केलं. २००३च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्स २.६मध्ये आल्सा मुख्य झाली, आणि ती आजही सगळ्यांच्या तळाशी आहे. तिच्या वर अनेक प्रोग्रामांचा आवाज एकत्र करणारा एक मुकादम हवा होता. तो लेनार्ट पॉटरिंग यांचा पल्स ऑडिओ. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने २००७ साली आणि उबंटूने २००८ साली तो सरसकट बसवला, आणि त्या काळात लोकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. काही दोष त्याचा होता, पण बराचसा खालच्या ड्रायव्हरांचा. त्यांच्या चुका आधी कुणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या. आता त्याच्या जागी पाइपवायर आला आहे, विम टायमन्स यांनी लिहिलेला. फेडोराने तो २०२१ साली घेतला, उबंटूने २०२२च्या ऑक्टोबरात, आणि लिनक्स मिंटने २०२४मध्ये आलेल्या बाविसाव्या आवृत्तीपासून.

याचा व्यवहारातला अर्थ असा. "पल्स ऑडिओ काढून टाका, सगळं ठीक होईल" हा सल्ला २००९ साली कुणीतरी वैतागून दिलेला असतो. आज तो पाळला तर आवाजाचं चिन्हच पडद्यावरून नाहीसं होतं, कधी डेस्कटॉपचे आणखी काही भागही सोबत जातात. मग माझ्याकडे येतं ते मशीन फक्त मुकं नसतं, पांगळंही असतं. स्वतःला 'ऑडिओ' गटात सामील करून घ्या, हाही असाच जुना सल्ला. आजकाल त्याची गरज नाही आणि त्याने नवेच घोळ होऊ शकतात. सल्ल्याची तारीख बघा, आणि तो तुमच्या मुकादमाबद्दल आहे का ते बघा. मुकादम नुसता अडखळला असेल, म्हणजे कालपर्यंत आवाज होता आणि आज अचानक नाही, तर त्याला पुन्हा चालू करणारा हुकूम आहे. तो माहीत नसला तरी लॉग आउट होऊन पुन्हा आत आलात की बहुतेक वेळा तेच घडतं.

आता तळाकडे. आउटपुटच्या यादीत 'डमी आउटपुट' एवढंच दिसत असेल, तर वरच्या कुठल्याही सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही. मुकादमाला हाताखाली एकही कार्ड मिळालेलं नाही, म्हणून त्याने एक खोटं कार्ड उभं केलं आहे, ज्याच्यात पडलेला आवाज कुठेच जात नाही. प्रश्न ड्रायव्हरचा, किंवा त्याच्याही खालचा.

साधारण २००५पासूनच्या बहुतेक लॅपटॉपांत आवाजाची पद्धत एकच आहे: इंटेलने २००४ साली आणलेली हाय डेफिनिशन ऑडिओ. तिचे दोन भाग. मुख्य चिपमधला कंट्रोलर, आणि मदरबोर्डवर वेगळी बसवलेली बोटाच्या नखाएवढी कोडेक चिप, जी आकड्यांचा आवाज करते आणि आवाजाचे आकडे. ती बहुधा तैवानच्या रिअलटेकची असते. लॅपटॉप उघडून बघितलात तर काळ्या चिपवर खेकड्याचं चित्र दिसेल. कधी कोनेक्झंटची, आयडीटीची, किंवा ॲपलच्या लॅपटॉपात सिरस लॉजिकची. मेख इथे आहे. चिप एकच असली तरी तिच्या कोणत्या पायाला स्पीकर जोडायचा, कोणत्या पायाला इअरफोन आणि कोणत्या पायाला माइक, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एखाद्या घरात वायरमनने सगळी बटणं लावून दिली आणि कोणत्या बटणाने कुठला दिवा लागतो हे फक्त आपल्या वहीत लिहून ठेवलं, तसा हा प्रकार. ती माहिती मदरबोर्डवरच्या बायोस या सॉफ्टवेअरने चिपला द्यायची असते. बऱ्याच कंपन्यांनी ती अर्धवट किंवा चुकीची दिली, आणि दुरुस्ती विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये करून मोकळ्या झाल्या. विंडोज पुसलं की वही गेली.

लिनक्सवाल्यांनी ही वही दुसऱ्या बाजूने, लोकांच्या लॅपटॉपवर ऐकून ऐकून, पुन्हा लिहिली आहे. प्रत्येक बोर्डाला स्वतःचा एक ओळख-क्रमांक असतो. ड्रायव्हरमध्ये या क्रमांकांची भली मोठी यादी आहे: अमुक क्रमांक दिसला तर तमुक पाय स्पीकरचा समज, त्याचा ॲम्प्लिफायर असा चालू कर, माइक तिकडे आहे. सूसे कंपनीतले ताकाशी इवाई अनेक वर्षं हे दप्तर सांभाळत आले आहेत. कुणाच्या तरी लॅपटॉपवर आवाज नसतो, तो नेटाने माहिती पाठवतो, त्यातून यादीत एक ओळ वाढते, आणि पुढच्या आवृत्तीपासून जगातल्या त्या मॉडेलच्या प्रत्येक लॅपटॉपला वाचा फुटते. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

म्हणून कार्ड ओळखलं गेलं आहे पण स्पीकर बोलत नाही, आणि वरचे सगळे उपाय थकले, तर आधी कर्नल, म्हणजे हे ड्रायव्हर ज्यात असतात तो लिनक्सचा गाभा, बदलून बघा. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये कर्नलची यादी असते, तिथून नवा टाकता येतो. जुना पुसायचा नाही. उलटही होतं: नव्या कर्नलमध्ये एखाद्याची ओळ बिघडते आणि चालणारा आवाज जातो. तेव्हा मशीन चालू होताना येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडायचा. तोही चालला नाही तर 'एचडीए जॅक रीटास्क' नावाचं हत्यार आहे. त्यात चिपचे सगळे पाय दिसतात, न जोडलेले म्हणून नोंदलेलेही, आणि एखाद्या पायाला तू अंतर्गत स्पीकर आहेस असं आपण सांगू शकतो. एका नावाजलेल्या कंपनीच्या लॅपटॉपवर मी हे केलं. पाय नेमून 'अप्लाय नाउ' दाबायचं, गाणं लावायचं, नाही वाजलं तर पुढचा पाय. रेडिओच्या दिवसांतला स्क्रूड्रायव्हर हातात आल्यासारखं वाटलं, कारण काम हुबेहूब तेच. योग्य पाय सापडला की तेच सेटिंग दर वेळी लागू होईल असं तिथूनच नोंदवता येतं.

स्वस्तातल्या ॲटम प्रोसेसरच्या लॅपटॉपांची जात वेगळी. दोन जीबी रॅम, बत्तीस जीबी साठा, बे ट्रेल किंवा चेरी ट्रेल घराणं. त्यांच्यात वरची पद्धतच नसते, मोबाइलसारखी व्यवस्था असते, आणि कोणते स्विच कोणत्या क्रमाने दाबायचे याच्या वेगळ्या फाइली लागतात. त्या आता बऱ्यापैकी जमल्या आहेत, पण असल्या मशीनवर जुनं लिनक्स टाकण्याच्या भानगडीत पडू नका, ताजंच टाका.

दोन्ही, विंडोज आणि लिनक्स, ठेवणाऱ्यांचा एक स्वतंत्र त्रास असतो. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. त्यात शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण मरत नाही, अर्धं झोपतं, आणि कोडेक चिप कधी कधी त्याने सोडली त्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येते. विंडोजमधून आलो की आवाज नाही, सकाळी थंड मशीन चालू केलं की आहे, असं लक्षण असेल तर हाच रोग. फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. एकदा चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवलं तरी चिपची झोप उडते.

आवाज आहे, पण दर गाण्याच्या आधी टक्, बंद केलं की टक्. ते वीज वाचवण्याचं धोरण. वाजायचं थांबलं की काही क्षणांत ड्रायव्हर चिपची वीज काढतो, पुन्हा वाजवलं की देतो, आणि स्पीकरला धक्का बसतो. ड्रायव्हरचं पॉवर सेव्ह शून्यावर नेलं की थांबतं. बॅटरी किंचित लवकर उतरते, पण इतक्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी असते कुठे! ब्लूटूथचा हेडफोन मीटिंग सुरू होताच टेलिफोनसारखा वाजू लागला तर तो बिघाड नव्हे. माइक चालू झाला की त्याला एकेरी, हलक्या दर्जाच्या वाटेवर जावं लागतं. माइक लॅपटॉपचा निवडा, गाणं पुन्हा छान वाजेल.

ॲपलच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की इअरफोनच्या भोकातून लाल उजेड येतो आणि लोक दचकतात. त्या भोकात प्रकाशाने आवाज पाठवण्याचीही सोय आहे, ती चालू राहिलेली असते. आल्सामिक्सरमध्ये 'एसपीडीआयएफ'चा खांब म्यूट केला की उजेड मालवतो.

माइकची एक गंमत मात्र सविस्तर सांगण्यासारखी. नर्सिंगच्या कॉलेजातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. ऑनलाइन वर्गात तिचं बोलणं कुणालाच ऐकू जात नव्हतं. रेकॉर्ड करून बघितलं तर रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ. पट्टी हलते आहे, लाटा दिसताहेत, आवाज आहे. मीटिंगमध्ये गेलं की शून्य. तिच्या बाईंना वाटायचं की पोरगी बोलायला टाळते.

रेकॉर्डिंग मोठं करून बघितलं. डावी लाट वर जाते त्याच क्षणी उजवी खाली. अगदी आरशात पडल्यासारखी. काही लॅपटॉपांत आतल्या माइकची जोडणी अशी असते की एकाच आवाजाची सरळ बाजू डावीकडे येते आणि उलटी बाजू उजवीकडे. दोन कानांनी ऐकताना हे जाणवत नाही. पण मीटिंगचा प्रोग्राम दोन्ही वाटा मिसळून एक करतो, आणि अधिक दोन आणि उणे दोन यांची बेरीज शून्य. विंडोजमध्ये ही उलटी बाजू सुलटी करायचं काम कंपनीच्या ड्रायव्हरकडे होतं. लिनक्सनेही २०१२पासून यावर उपाय ठेवला आहे, पण तो यादीत असलेल्या मॉडेलांपुरता. तिचं नव्हतं. मग एक वाट बंद केली: पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये इनपुटच्या पानावर कुलपाचं चिन्ह आहे, ते उघडलं की डावी-उजवी वेगळी होते, उजवी शून्यावर नेली. आल्सामिक्सरमध्ये हेच काम सी दाबून होतं, त्याने फक्त उजवी उतरते. दुकानातूनच तिने मैत्रिणीला फोन लावून मीटिंग उघडायला सांगितलं. पलीकडून आलं, "अगं, ओरडू नकोस, येतंय ऐकू."

यातलं काहीच चाललं नाही, किंवा कोडेक चिप खरोखर मेली असेल, तर दोन-तीनशे रुपयांत मिळणारं यूएसबी साउंड कार्ड लावून मोकळं व्हावं. यूएसबीच्या आवाजाला ठरलेली प्रमाण पद्धत आहे, त्यामुळे लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लावलं की यादीत नाव येतं, ते निवडायचं. काही लोकांना यात हार वाटते. मला वाटत नाही. मंडळाला भजन ऐकायचं आहे, चिपचे पाय मोजायचे नाहीत. घेताना दोन भोकांचं घ्या, म्हणजे माइक आणि इअरफोन वेगळे लावता येतात. मोबाइलचा माइकवाला इअरफोन असेल तर त्याला जोडणारी छोटी दुहेरी वायर वेगळी लागते. कार्ड थेट लॅपटॉपमध्ये न खोचता वीतभर यूएसबी एक्स्टेंशनवर लावा. बाजूला बाहेर आलेल्या त्या बोटभर तुकड्याला येता-जाता कोपर लागतं, आणि मग यूएसबीचं भोक बदलायला माझ्याकडे यावं लागतं. त्याचे पैसे कार्डापेक्षा जास्त होतात.